रणगाड्याच्या शेडमध्ये रात्री ‘काहीतरी आहे’ अशी तक्रार आली तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात फौजेतून निवृत्त झालेला माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून बेळगावात आहे, कॅम्प तर त्याच्याही आधीचा. त्यामुळे जुनी लष्करी गाडी इथल्या माणसाला परकी वाटत नाही. चौथऱ्यावर चढवलेला रणगाडा असो, हौसेने जपलेली जोंगा जीप किंवा शक्तिमान ट्रक असो, की पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने मांडलेलं संग्रहालय असो, गाड्या वर्षानुवर्षं एका जागी उभ्या राहिल्या की त्यांच्याभोवती बोलणं सुरू होतं. आतून कुणीतरी ठोकतंय. टरेट, म्हणजे रणगाड्यावरचा फिरता तोफघुमट, काल इकडे होतं, आज तिकडे आहे. तोफेच्या नळीतून कण्हल्यासारखा आवाज येतो. मराठी वॉचमन ‘बाहेरचं आहे’ म्हणतो, कन्नड बोलणारा ‘देव्वा’ म्हणतो, पण दोघांनी ऐकलेलं असतं ते एकच.

तपास करणाऱ्याने ते ऐकलेलं खरं धरून कामाला लागायचं. माणूस खोटं बोलतोय असं समजून सुरुवात केली तर हाती काहीच लागत नाही. गाड्यांच्या संग्रहालयात अशी तक्रार म्हणजे बहुतेक वेळा गाडी, शेड किंवा पहारेकरी यांपैकी कुणाचं तरी काहीतरी बिघडल्याची पहिली खबर असते. ती हसण्यावारी नेली तर बिघाड तसाच राहतो आणि मांत्रिक बोलावला तरी तसाच राहतो.

पहिलं काम : वॉचमनचं ऐकून घेणं

तक्रार झाल्यापासून चोवीस तासांच्या आत बोला. दोन रात्री गेल्या की चहाच्या टपरीवर दहा जणांचं बोलणं त्यात मिसळतं आणि मूळ आठवण हाती लागत नाही. एकापेक्षा जास्त माणसं असतील तर एकेकट्याला घ्या. माणूस ज्या भाषेत घाबरला त्याच भाषेत त्याला सांगू द्या. कन्नड किंवा दख्खनी बोलणाऱ्याला मराठीत सांगायला लावलं की तो सोपे शब्द निवडतो आणि नेमका तपशील गळतो.

‘भूत’ हा शब्द आपण आधी उच्चारायचा नाही. “मामा, काल रात्री काय झालं ते पहिल्यापासून सांगा,” एवढंच म्हणा आणि गप्प बसा. तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. तो ‘टण्ण’ म्हणाला तर ‘टण्ण’ लिहा, ‘धातूचा आवाज’ असं लिहू नका. ‘टण्ण’, ‘टिक’, ‘घुम्म’ आणि ‘खरर’ यांची कारणं वेगवेगळी असतात. निम्मा तपास या शब्दांतच असतो.

मग जमिनीवर खडूने शेडचा आराखडा काढून तो कुठे बसला होता, तोंड कुठे होतं, आवाज कोणत्या बाजूने आला हे दाखवायला सांगा. वेळ विचारताना घड्याळ विचारू नका. आधी कोणती गाडी गेली, कारखान्याचा भोंगा झाला होता का, पहाटेची अजान झाली होती का, लाईट गेली होती का, असं विचारा. ‘अडीच वाजता’ यापेक्षा ‘मालगाडी गेल्यावर थोड्या वेळाने’ हे जास्त पक्कं असतं.

झोपेचा प्रश्न शेवटी आणि एकांतात विचारायचा: सलग किती तासांची ड्यूटी, दिवसा किती झोप, दुसरीकडेही नोकरी आहे का. बारा तासांची रात्रपाळी करून दिवसा शेतावर राबणारा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या अर्धवट झोपेत जातो. त्या अवस्थेत डोळे उघडे असतात, अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं आणि शेजारी कुणीतरी उभं दिसतं. हे काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत टिकतं. गावाकडे यालाच मुंजा बसला म्हणतात. हा आजार नाही आणि कामचुकारपणाही नाही. त्यावर उपाय म्हणजे पाळी बदलणं आणि पहाऱ्याला दुसरा माणूस देणं. नोकरी जाईल या भीतीने तो हे लपवतो, म्हणून त्याचं नाव कागदावर येणार नाही हे आधीच सांगा आणि तसं पाळा.

परवानगी

जागा कॅम्पातली किंवा लष्कराच्या ताब्यातली असेल तर लेखी परवानगी हातात आल्याशिवाय फाटकाजवळही कॅमेरा काढू नका. ड्रोन तर नाहीच. ओळखीच्या सुभेदार साहेबांनी तोंडी ‘या’ म्हटलं म्हणून जाऊ नका, अडचणीत ते येतील. महापालिकेच्या किंवा संस्थेच्या जागेसाठी अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, मराठी प्रत स्वतःजवळ ठेवा. अर्जात तारखा, तास, माणसांची नावं, सामानाची यादी आणि ‘कोणत्याही गाडीत लेखी परवानगीशिवाय शिरणार नाही’ हे वाक्य हवंच. हद्दीच्या पोलीस ठाण्यालाही कळवा, नाहीतर मध्यरात्री बॅटऱ्या हलताना पाहून शेजारचा माणूस 112 ला फोन करतो.

अंगातलं काढण्याच्या नावाखाली कुणी वॉचमनला मारझोड, चटके असले प्रकार करू पाहत असेल तर तिथेच थांबवा. कर्नाटकात त्यासाठी 2017 चा कायदा आहे.

सामान

महागडं काही लागत नाही. जाड वही, खडू, मोजपट्टी, तीन साधे डिजिटल थर्मामीटर, त्यांतला एक आर्द्रता दाखवणारा. पृष्ठभागाचं तापमान दुरून मोजणारी इन्फ्रारेड बंदूक, मल्टीमीटर, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, पांढरे टिश्यू, रांगोळी दोन किलो, बारीक चाळणी आणि आवाज रेकॉर्ड करायला दोन मोबाईल. सगळ्यांची घड्याळं एका मोबाईलवरून सेकंदापर्यंत जुळवून घ्या. सीसीटीव्हीचं यंत्र किती पुढे-मागे आहे तेही मोजून लिहा, ते हमखास चुकलेलं असतं.

भूत शोधण्याची म्हणून जी विद्युतचुंबकीय यंत्रं विकली जातात त्यांवर पैसे घालू नका. पंख्याची वायर, मोबाईल, जिवंत बॅटरी, कशानेही त्यांचा दिवा पेटतो. होकायंत्र तर छत्तीस टनांच्या टी-55 रणगाड्याशेजारी भरकटणारच.

दिवसाउजेडी तपासणी

रात्रीची जागरणं नंतर. आधी एक पूर्ण दिवस द्या, दुपारी चारपासून अंधार पडेपर्यंत तर नक्कीच. आवाजांची बहुतेक उत्तरं याच वेळात मिळतात.

पत्र्यापासून सुरुवात करा. लोखंड एका अंशाला, मीटरमागे सुमारे 0.012 मिलिमीटर वाढतं. सहा मीटरचा पत्रा दुपारी हात टेकवत नाही इतका तापतो आणि रात्री चाळीस अंशांनी उतरतो, म्हणजे जवळजवळ तीन मिलिमीटर आखडतो. तो सरळ सरकत नाही. हुकाशी अडकून राहतो, ताण साठतो आणि एकदम सुटतो. तोच ‘टण्ण’. खात्री करायची तर उन्हं कलताना तापलेल्या पत्र्यावर शिडीवरून बादलीभर पाणी टाका. काही सेकंदांत आवाज सुरू झाले तर ठोकणारा सापडला. हुकांखालचे रबरी वायसर कडक झाले असतील तर बदला. नट आवळताना जोर लावू नका, पत्रा जास्त जखडला की आवाज मोठा होतो.

गाडीचंही तसंच. सात मीटरचा पोलादी सांगाडा तीस अंश उतरला तर अडीच मिलिमीटर आखडतो. पण जाड पोलाद हळू निवतं, म्हणून पत्रा आठ-नऊला गप्प होतो आणि रणगाडा त्यानंतरही टिकटिकत राहतो. बेळगावच्या हवेत हा प्रकार फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत जास्त, कारण तेव्हा दिवस तापतो आणि रात्र गार पडते. जुलै-ऑगस्टच्या झडीत दिवस-रात्रीचा फरकच उरत नाही, तेव्हा हे आवाज जवळपास बंद होतात. ‘पावसाळ्यात ते जातं’ असं वॉचमन म्हणाला तर ही नोंद ठळक करा.

ट्रकच्या बाबतीत टायर बघा. हवा हळूहळू कमी होते, वजन एका बाजूला झुकतं आणि स्प्रिंगच्या पाट्यांपैकी एक पाटा गंजलेल्या दुसऱ्यावरून एकदम घसरतो. हा ‘खण्ण’ असा एकच मोठा आवाज असतो, महिन्यातून एखादा, आणि नेमका त्यामुळेच माणूस जास्त घाबरतो. कायमच्या उभ्या गाडीचं वजन टायरवर ठेवूच नये, चासीखाली पक्के घोडे (आधाराचे स्टँड) लावावेत.

आता विजेकडे. हॉर्न आपोआप वाजला, दिवा लुकलुकला, वायपर हलला, अशी तक्रार असेल तर भूतकथेत शिरण्याआधी बॅटरी जोडलेली आहे का ते बघा. जुन्या वायरींवरचं सुती किंवा रबरी आवरण कुजतं, पावसाळी ओल तांब्यापासून सांगाड्यापर्यंत वाट करून देते आणि हॉर्नचा रिले, म्हणजे वीज जोडणारा स्विच, चिकटतो. निगेटिव्ह तार सोडवा आणि ती तार व टर्मिनल यांच्यामध्ये मल्टीमीटर लावा. सगळं बंद असताना 50 मिलिअँपियरपेक्षा जास्त प्रवाह दिसला तर गळती आहे. लष्करी गाड्यांत बहुधा बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट केलेले असतात, तेव्हा पाना सांगाड्याला टेकू देऊ नका. फक्त दाखवायच्या गाडीतून बॅटरी आणि टाकीतलं डिझेल दोन्ही काढूनच टाकावं. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

टरेट फिरतं या तक्रारीसाठी खडू पुरतो. टरेट आणि सांगाडा यांच्या सांध्यावर पुढे आणि बाजूला अशा दोन ठिकाणी सरळ रेघ ओढा, फोटो घ्या, आठवडाभर रोज सकाळी-संध्याकाळी बघा. बहुतेक ठिकाणी रेघ रविवारी संध्याकाळी तुटलेली सापडते, कारण दिवसभर पोरं नळीला लोंबकळलेली असतात. रेघ रात्रीत तुटत असेल तर चौथरा पाणसळीने तपासा. टरेटची खुंटी निघालेली, दाते झिजलेले आणि चौथरा उताराचा असेल तर लांब नळीचं टोक हळूहळू उताराकडे जातं. खुंटी बसवा, नळीखाली टेकू द्या.

हॅच, म्हणजे रणगाड्यात शिरायच्या दाराचं झाकण, आपोआप मिटली अशी तक्रार आली तर त्या दिवसापासून ती हॅच दोराने बांधा. अडकवणीचा खटका झिजलेला असतो आणि झाकण बोटं चिरडण्याइतकं जड असतं.

नळीतला हुंकार

हा विषय जरा सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त भीती याचीच असते आणि सर्वांत सुंदर उत्तरही याचंच आहे.

बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती घुमते. रणगाड्याची नळी म्हणजे तशीच लांबलचक बाटली. विजयंता रणगाड्याची 105 मिलिमीटरची नळी सुमारे साडेपाच मीटर लांब असते. ब्रीच, म्हणजे गोळा भरायचं मागचं तोंड, बंद असेल तर तिचा मूळ सूर निघतो सेकंदाला साधारण 16 कंपनांचा. माणसाचा कान साधारण 20 च्या खाली ऐकत नाही. म्हणजे नळी घुमते, पण तो सूर कानाला लागत नाही. ऐकू येतो तो त्याच्या तिप्पट आणि पाचपट, म्हणजे 47 आणि 78 च्या आसपासचा सूर. कण्हल्यासारखा वाटणारा आवाज बहुधा हाच. ब्रीच उघडं राहिलं असेल तर मूळ सूर दुप्पट होऊन 31 वर येतो आणि नीट ऐकू येतो. म्हणूनच ‘परवा साफसफाई झाली आणि तेव्हापासून आवाज बदलला’ असं कुणी सांगितलं तर आधी ब्रीचकडे बघायचं.

निकामी केलेल्या तोफेच्या नळीला बाजूने भोक पाडलेलं असतं. त्या भोकावरून वारा गेला की शीळ वाजते. सायलेन्सरचं उघडं तोंड आणि झाकण हरवलेली डिझेलची टाकीही घुमतात.

तपास सोपा आहे. नळीच्या तोंडाचा व्यास मोजून जाड लाकडाचा गोल कापा, भोवती कॅनव्हास गुंडाळून तो बसवा. पहिल्या रात्री काहीच न बदलता ऐका, दुसऱ्या रात्री बूच लावून ऐका, तिसऱ्या रात्री बूच काढून. वारा तिन्ही रात्री सारखा नसेल तर ती रात्र मोजू नका, पुन्हा करा. बूच कायमचं ठेवायचं ठरलं तर त्याच्या खालच्या कडेला पाणी निथळायला छोटी खाच ठेवा, नाहीतर आत पाणी साठून नळी गंजते. आणि बूच बसवण्याआधी बॅटरी मारून आत बघा. नळीत गांधीलमाशा किंवा मधमाशा असतात, त्यांना डिवचलं तर शेड रिकामी करून पळावं लागतं.

खोल कंपनांनी माणसाला कसंसंच होतं याबद्दल ब्रिटिश इंजिनिअर विक टँडी यांनी 1998 साली लिहिलं होतं. कॉव्हेंट्रीतल्या एका प्रयोगशाळेत नव्या पंख्यामुळे सेकंदाला सुमारे 19 कंपनांचा स्थिर सूर उभा राहिला होता आणि तिथे माणसांना दडपण यायचं, नजरेच्या कडेला राखाडी आकृती दिसायची. ही गोष्ट आता सगळीकडे शेवटचं उत्तर म्हणून सांगितली जाते. आमच्या मते तिला यादीत शेवटी ठेवावं. उद्यमबागेसारख्या फाउंड्री-प्रेसच्या वस्तीजवळ शेड असेल तर मात्र रात्रपाळीचे तास आणि तक्रारीचे तास एकाच कागदावर मांडून बघा.

रक्त, घाम, वास, डोळे

‘टरेटमधून रक्त ठिबकतं’ ही तक्रार वळवाच्या पहिल्या पावसानंतर येते. आत साठलेल्या गंजावरून पाणी फिरतं आणि लालसर थेंब पडतात. दुसरी शक्यता तेलाची: काही हायड्रॉलिक तेलं मुळातच लाल रंगाची असतात. थेंब पांढऱ्या टिश्यूवर घ्या आणि सुकू द्या. गंजाचं पाणी तपकिरी पूड मागे ठेवतं, त्यावर लिंबाचा रस टाकून थोडा वेळ थांबलं की डाग फिका होतो. तेलाचा डाग कागद पारदर्शक करतो आणि लिंबाला दाद देत नाही. ही परीक्षा कागदावरच करायची. गाडीच्या रंगावर लिंबू चोळायचं नाही.

रणगाड्याला घाम फुटतो हे खरं आहे. रात्रभर गार झालेलं पोलाद लवकर तापत नाही. हवा 25 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर 21 अंशांच्या खालच्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. इन्फ्रारेड बंदुकीने पोलादाचं तापमान मोजा, शेजारी हवेचं लिहा. ‘जवळ गेलं की गार वाटतं’ याचंही उत्तर याच दोन आकड्यांत आहे. हा घाम पुसायला सांगा, कारण आतला गंज इथूनच सुरू होतो.

विडी-सिगारेटचा किंवा ‘बारुदीचा’ वास दमट रात्री जास्त येतो. जुना कॅनव्हास, सीटची भर, गिअर ऑइल यांत मुरलेला वास ओल वाढली की बाहेर पडतो. गोडसर कुजका वास असेल तर मेलेला उंदीर शोधा.

अंधारात चमकणाऱ्या लाल डोळ्यांची जोडी म्हणजे ट्रकच्या मागचे परावर्तक, बॅटरी बाजूला केली की विझतात. बॅटरी न मारताही उजेड दिसला आणि तो सरकत गेला तर रस्त्याकडे बघा. रणगाड्याच्या पेरिस्कोपातली (आतून बाहेर बघायच्या नळीतली) काच पुणे-बेंगळूरू महामार्गावरून वळणाऱ्या ट्रकचा उजेड थेट आत सोडते. बाहेरून कुणी मोटारसायकल त्याच वळणावर नेऊन बघितली की दोन मिनिटांत निकाल लागतो.

डॅशबोर्डवरच्या घड्याळांचे आकडे फिकट हिरवे दिसत असतील तर जपून. जुन्या लष्करी गाड्यांत तिथे रेडियमचा रंग असू शकतो. रंगातला चमकणारा भाग काही दशकांत थकतो, पण रेडियमचं अर्धआयुष्य 1,600 वर्षांचं आहे. चमक गेली तरी किरणोत्सार तसाच असतो. काच फुटलेली असेल तर हात लावू नका, पुसू नका, खरवडू नका. प्लास्टिकने झाका आणि संग्रहालयाला लेखी कळवा.

कोण फिरतंय ते रांगोळीला विचारा

पावलांचे आवाज, धावपळ, बाळाचं रडणं यासाठी चाळणीने रांगोळीचे पट्टे टाका, एक फूट रुंद, जमीन जेमतेम झाकेल इतके पातळ. दोन किलोत दहा मीटर होतात. गाडीपासून एक मीटर लांब ठेवा. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती ग्रीसमध्ये गेली तर सांधा खाते. पीठ वापरू नका, मुंग्या आणि उंदीर येतात.

सकाळी बोटं मोजा. चार बोटं आणि नखं नाहीत तर मांजर, चार बोटं आणि नखं आहेत तर कुत्रा. पाच बोटांचा ठसा असेल तर बहुधा उदमांजर. ते छताच्या कैचीवरून चालतं तेव्हा खाली बुटांसारखा आवाज येतो. उंदराचे पुढचे पाय चार बोटांचे, मागचे पाच. ठसे नसतील आणि कर्कश किंचाळी वरून येत असेल तर गव्हाणी घुबड. त्याची पिल्लं घोरल्यासारखा लांब फुस्कारा टाकतात, तो टरेटमधून घुमून आला की अंगावर काटा येतो. खाली पांढरी विष्ठा आणि केसाळ गोळे पडलेले दिसतात. घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही.

इथे एक गोष्ट अगत्याने बघा. भीती पसरली की कुणीतरी अमावस्येला गाडीपुढे नारळ-लिंबू ठेवायला लागतो, नैवेद्य दाखवतो. भाताला उंदीर येतात, उंदरांना खायला मांजर, उदमांजर आणि साप. आवाज वाढतात, म्हणून नैवेद्य वाढतो. वॉचमनची श्रद्धा मोडायला जाऊ नका. शेडच्या बाहेर एक दगड ठरवून द्या, पूजा तिथे, आणि पूजा झाली की अन्न उचलायचं. खंडेनवमीलाही तेच: हळद-कुंकू आणि फोडलेल्या कोहळ्याचा रस ट्रॅकच्या सांध्यांत गेला तर धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवल्याशिवाय घरी जायचं नाही.

रात्रीचा पहारा

चार माणसं पुरे, त्यांत वॉचमन एक. दोघे शेडच्या दोन टोकांना, एक बाहेर वाऱ्याकडे आणि रस्त्याकडे लक्ष ठेवून, वॉचमन त्याच्या नेहमीच्या खुर्चीत. प्रत्येकाने आपला कागद वेगळा लिहायचा आणि सकाळपर्यंत दुसऱ्याला दाखवायचा नाही. आवाज झाला की वेळ, शब्द आणि दिशा एवढंच लिहायचं, कारण लिहायचं नाही. दर अर्ध्या तासाला हवा, पत्रा आणि पोलाद असे तीन आकडे. सूर्यास्तापासून दर दहा मिनिटांतल्या टिकटिकी मोजा. तापमान जितक्या झपाट्याने उतरतं तितक्या त्या जास्त असतात. तापमान स्थिर असताना पहाटे तीनला ठोका पडला तर तो गरमी-गारव्याचा नाही. तेव्हा जनावर, मालगाडी, जनरेटर यांच्याकडे वळा.

मोबाईल टेबलावर ठेवू नका, कापडाच्या घडीवर ठेवा. आवाजाची पातळी आपोआप वाढवणारी सोय बंद करा. शांततेत ती खरखर मोठी करते आणि खरखरीत माणसाला आपलं नाव ऐकू येतं. मोबाईल गाडीच्या आत ठेवून ‘बॅटरी अचानक संपली’ असं म्हणू नका. पोलादी पेटीत सिग्नल मिळत नाही, तेव्हा फोन पूर्ण जोर लावून टॉवर शोधत राहतो.

फोटोतले पांढरे गोळे म्हणजे फ्लॅशच्या उजेडात भिंगाजवळ तरंगणारी धूळ. नाइट मोडमध्ये छिद्र काही सेकंद उघडं असतं, त्यात चालत गेलेला माणूस आरपार दिसतो. सीसीटीव्हीवरून सरकणारी पांढरी सावली असेल तर कॅमेऱ्याची काच पुसा, कोळ्याचं जाळं निघेल. गणवेश घातलेले पुतळे असतील तर एका रात्रीपुरते चादरीने झाकून बघा.

जीव धोक्यात घालू नका

बंद रणगाड्यात शिरणं हे विहिरीत उतरण्यासारखं समजा. गंज धरताना लोखंड हवेतला ऑक्सिजन खातं. वर्षभर मिटलेल्या सांगाड्यात तो 19.5 टक्क्यांच्या सुरक्षित पातळीखाली गेलेला असू शकतो, आणि त्याला वास नसतो. आधी सगळ्या हॅच उघडून निदान अर्धा तास थांबा, मीटरने मोजा, एक माणूस कायम बाहेर ठेवा. आत बॅटरीचा उजेड टाकून नाग नाही याची खात्री करा. ब्रेकच्या आणि सायलेन्सरच्या जुन्या आवरणांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो, तो झाडू नका.

आणि जनरेटर. लाईट गेली की शेडलगतचा जनरेटर सुरू होतो, धूर पत्र्याखाली कोंडतो. कार्बन मोनॉक्साइडने डोकं जड होतं, छाती धडधडते, भास होतात. 1921 साली अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ विल्यम विल्मर यांनी अशाच एका घराची हकिकत प्रसिद्ध केली होती: पावलं वाजायची, अनोळखी माणसं दिसायची, झाडं मरायला लागली होती. दोष निघाला घर तापवणाऱ्या नादुरुस्त भट्टीचा. तक्रारीच्या रात्री लाईट गेली होती का आणि वॉचमनचं डोकं दुखत होतं का, हे दोन प्रश्न म्हणून विसरू नका. 35 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 35 भाग) ही आठ तासांच्या कामाची मर्यादा धरतात. मीटर तिच्यावर गेला तर तपास थांबवून माणसं आधी उघड्यावर आणा.

‘यात कोण मेलं होतं?’

हा प्रश्न कुणीतरी विचारतोच, आणि उत्तर कुणीतरी रचतोच. नोंद हातात नसेल तर कोणत्याही गाडीला मृत्यू चिकटवू नका. सीमेवर गेलेल्या जवानाचं घर शेजारच्या गावात असू शकतं, आणि त्या घराला आपली गोष्ट ऐकावी लागते.

नंबरप्लेट वाचायला शिका. आपल्या लष्करी क्रमांकात बाण असतो, त्याजवळचे आकडे गाडी घेतल्याचं वर्ष सांगतात, पुढचं अक्षर गाडीचा वर्ग. 1972 नंतर आलेली गाडी 1971 च्या लढाईत नव्हती, इथे अर्ध्या दंतकथा संपतात. भोकांवरही विश्वास ठेवू नका: मोडीत काढलेले रणगाडे सरावासाठी निशाण म्हणून वापरले जातात. 1965 च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला पकडलेले पाकिस्तानी पॅटन रणगाडे देशभर मांडले गेले, पण प्रत्येक पॅटन आतल्या माणसांसकट जळालेला नव्हता, कितीतरी चिखलात रुतून तसेच सोडलेले होते. इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात ‘हर्मन’ नावाचा जर्मन अधिकारी दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगर रणगाड्याजवळ दिसतो असं सांगतात. तिथला प्रसिद्ध टायगर 131 एप्रिल 1943 मध्ये ट्युनिशियात हाती लागला तेव्हा त्यातली माणसं गाडी सोडून निघून गेली होती.

कागद कसा लिहावा

तीन रकाने: सांगितलं काय, सापडलं काय, करायचं काय. ‘मधल्या शेडच्या पूर्वेकडून टण्ण, रात्री आठपर्यंत, पत्रा 58 वरून 24 अंशांवर, पाणी टाकल्यावर तोच आवाज, 40 वायसर बदलणे.’ इतकं नेमकं. जे सापडलं नाही त्यापुढे ‘सापडलं नाही’ लिहा आणि रकाना मोकळा सोडा, ओढूनताणून कारण भरू नका.

निकाल साहेबांच्या आधी वॉचमनला सांगा, जागेवर नेऊन, आवाज त्याच्या हाताने काढून दाखवून. बूच त्यालाच लावू द्या, त्यालाच काढू द्या. मग दुरुस्ती झाल्यापासून तीस रात्रींची वही त्याच्याकडे द्या: तारीख, वारा, लाईट, आवाज. वही महिन्याने परत घ्या, आणि त्याच दिवशी रांगोळी झाडून, खडूच्या रेघा ओल्या फडक्याने पुसून, प्रत्येक हॅचचा खटका एकदा हाताने ओढून बघा.